उजवा म्हणजे थांब

सुगंधा घाडीगावकरच्या घरात ‘हो’ म्हणायची पद्धत नव्हती. तिथे ‘उजवा’ म्हणत.

दत्ताराम, म्हणजे तिचा नवरा, बाजारातून फोन करायचा, “बांगडे बरे दिसतत गे, घेव?” ती इकडून म्हणायची, “उजवा.” मुलीला, दिशाला, कॉलेजच्या सहलीला जायचं होतं तेव्हा तीही आईसमोर हात जोडून उभी राहिली होती, “उजवा की डावा, एकदाचं सांग ना!” शेजारच्या वनमालाबाईंना पहिली काही वर्षं वाटायचं, ही माणसं घरात सतत कोणाला तरी रस्ता सांगत असतात.

याची सुरुवात त्यांच्या लग्नापासून झाली होती. सुगंधाचं माहेर कणकवलीच्या आतलं. स्थळ पक्कं करण्याआधी तिच्या वडिलांनी देवीला कौल लावला. गुरवाने देवीच्या पाषाणाला दोन्ही बाजूंनी ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवीकडची आधी पडली तर देवीचा होकार, डावीकडची पडली तर नकार. पडली उजवीकडची. मुलगा मुंबईत ड्रायव्हर, घरात माणसं सात आणि खोली एक, एवढ्यावर वडिलांनी कदाचित हो म्हटलं नसतं. पण देवीने म्हटलं. लग्नानंतर दत्तारामने पहिल्यांदा ‘जुहूला येतेस काय’ विचारलं तेव्हा सासू तिथेच तांदूळ निवडत होती. सुगंधा गप्प. तेव्हा त्याने हळूच विचारलं, “कौल काय? उजवो की डावो?” ती पदर तोंडाला लावून म्हणाली, “उजवो.” गावचा तो उजवो मुंबईत राहून राहून उजवा झाला, आणि घरातच मुरला.

जोगेश्वरीच्या त्या एका खोलीत सुगंधाने बरीच वर्षं काढली. आंघोळीला ती शेवटची, जेवायला शेवटची. नळावर कळशी लावायला पुढे झाली की मागून जाऊबाई म्हणे, “माका घाई आसा गे,” आणि सुगंधा आपली कळशी बाजूला घेई. तिला त्याचं वाईट वाटायचं असं नाही. माणसाने कोणाकोणाला पुढे जाऊ द्यायचं, याची तिच्या मनात एक रांग होती आणि त्या रांगेत ती स्वतः कुठेच उभी नव्हती. पुढे म्हाडाच्या सोडतीत चारकोपला घर लागलं, दोनच खोल्या, पण आपल्या. तिथे नळ घरात होता. तरीही दत्तारामची, दिशाची आंघोळ उरकल्याशिवाय तिला गरम पाणी घ्यायचं सुचत नसे.

दत्ताराम चारकोपच्याच औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत साहेब लोकांची गाडी चालवायचा. साहेब बदलले, गाड्या बदलल्या, हा तोच. गाडीला कधी ओरखडा नाही, याचा त्याला फार अभिमान. रिटायर झाल्यावर त्याने एक जुनी, पण नीट ठेवलेली चंदेरी रंगाची छोटी गाडी घेतली. पहिल्या दिवशी तो तिच्यात बसला आणि बराच वेळ काही केल्या सुरूच करेना. सुगंधा खिडकीशी वाकून म्हणाली, “काय झाला? बंद पडली?” तो म्हणाला, “नाय गे. मागे कोण बसाक येवचा नाय, म्हटल्यार कधी सुरू करूची तां कळना नाय.”

ती गाडी मुख्यतः नाहूरला जायची. दिशा लग्न होऊन नाहूर स्टेशनजवळ राहायची, एका लॅबमध्ये कामाला होती. तिला आणि जावयाला, हर्षदला, शनिवारी पूर्ण ड्युटी. म्हणून शनिवारी सकाळी आजी-आजोबांनी जायचं, सात वर्षांच्या ऋतिकाला चारकोपला आणायचं आणि रविवारी संध्याकाळी परत सोडायचं, असं ठरून गेलं होतं. जोगेश्वरीहून पवई, पवईहून पुढे भांडुप, असा तो लांबचा रस्ता ऋतिका मागच्या सीटवर बडबडत काढायची. सुगंधाचा आठवडा त्या शनिवारासाठीच असायचा. बाकीचे दिवस म्हणजे त्याची तयारी. घावन्यांचं पीठ, खोबऱ्याची कापं, ऋतिकाचा वेगळा टॉवेल.

मग दत्ताराम उजव्या हाताशी ठेवलेला चहा विसरायला लागला.

सुरुवातीला तिला वाटलं, वय झालं. कप उजवीकडे ठेवला की तसाच गार व्हायचा, किंवा पेपर उलटताना सांडायचा. मग तो मोरीच्या दाराच्या उजव्या चौकटीला खांदा आपटायला लागला. मग एके दिवशी गाडीचा उजवा आरसा सोसायटीच्या गेटाला घासला. तीस वर्षांत ओरखडा न काढणारा माणूस वॉचमनवर ओरडला, “गेट अर्धाच कशाला उघडतोस?” गेट पूर्ण उघडं होतं. वॉचमन सुगंधाकडे बघत राहिला.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू. उजव्या डोळ्याची बाहेरची बाजू गेल्यातच जमा, आहे ते ड्रॉप्स घालून टिकवायचं. मग त्यांनी विचारलं, “गाडी वगैरे चालवता का?”

“मी रिटायर झालोय,” दत्ताराम म्हणाला.

हे खोटं नव्हतं. सुगंधा भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत बसली. तिलाही शनिवार हवा होता.

घरी आल्यावर तिने एवढंच म्हटलं, “आता नाहूराक रिक्षान जाव या.”

“माका दिसता गे. मान वळवून बघतंय ना मी.”

तेव्हापासून गाडीत सुगंधाचं कामच बदललं. आधी ती खिडकीबाहेर बघायची, झोपायची, शेंगा सोलायची. आता ती दत्तारामच्या पलीकडे, त्याच्या बाजूच्या खिडकीतून उजवीकडे बघत बसायची. काही दिसलं की म्हणायची, “थांबा, थांबा.” पहिल्या शनिवारी त्याने ऐकून घेतलं. दुसऱ्या शनिवारी भडकला.

“माका थांबा म्हणू नको. थांबाचा की जावचा तां मी ठरवतलंय. खंयसून काय येता तेवढाच सांग.”

ठीक आहे, ती बाजू सांगायला लागली. डावीकडून कोणी आलं की “डावा.” डावीकडचं त्याला स्वतःलाच दिसायचं, त्यामुळे त्याने काही बिघडलं नाही.

आणि त्या शनिवारी नाहूरहून ऋतिकाला घेऊन येताना, घर अगदी दोन गल्ल्यांवर आलेलं असताना, सेक्टरमधल्या आतल्या चौकात सुगंधाला उजवीकडून स्कूटर येताना दिसली. तिथे सिग्नल नाही, पोलीस नाही. अशा चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हा नियम दत्ताराम झोपेतही सांगू शकला असता. त्याने सवयीने वेग कमी केलाही होता.

“उजवा!” ती ओरडली. “अवो, उजवा, उजवा!”

दत्तारामने गाडी पुढे काढली.

ब्रेक वाजला तो त्यांच्या गाडीचा नव्हता. स्कूटरवरच्या बाईने दोन्ही पाय रस्त्यावर घासत ती तिरकी केली आणि दत्तारामच्या दारापासून वीतभर अंतरावर आणून थांबवली. पुढ्यातली भाजीची पिशवी उलटली, टोमॅटो गाडीखाली गडगडत गेले. पस्तिशीची बाई, डोक्याला हेल्मेट, ऑफिसचं ओळखपत्र अजून गळ्यात. ती घाबरून पांढरी पडली होती.

“काका,” ती म्हणाली, “माझी साइड होती ना?”

ती भांडत नव्हती. खरंच विचारत असल्यासारखी म्हणाली. मग तिचं लक्ष मागच्या सीटवर गेलं. “बाळा, तुला लागलं नाही ना?”

ऋतिकाने मान हलवली. दत्ताराम स्टिअरिंग धरून समोर बघत होता. सुगंधा उतरली आणि खाली बसून टोमॅटो गोळा करायला लागली. उचललेला टोमॅटो पुन्हा हातातून सुटायचा.

“चूक आमची,” ती म्हणाली. “तुम्ही बरोबर होता.”

“असू दे काकू. थांबले मी.” बाईने चेपलेले दोन टोमॅटो बाजूला टाकले, बाकीचे पिशवीत भरले आणि किक मारून गेली. नाव विचारायचं सुगंधाच्या डोक्यातही आलं नाही.

पुढे कितीतरी दिवस ती दिवा लावताना त्या बाईसाठी हात जोडायची. जायचा हक्क तिचा होता. तो तिने वापरला असता तर चूक कोणी तिची म्हटली नसती. चूक घाडीगावकरांचीच ठरली असती, सगळ्यांनी तसंच सांगितलं असतं, आणि त्याचा कोणालाही काही उपयोग झाला नसता.

रविवारी ऋतिका घरी गेली आणि मुलं सांगतात तसं तिने सगळं जसंच्या तसं सांगितलं. “आजोबांनी ब्रेकच नाही मारला मम्मी. एका मावशीने मारला. आजीने टोमॅटो उचलले.”

दिशाचा फोन आला. सुगंधाने सगळं खरं सांगितलं, डोळ्याचंही.

“आई, तुला माहीत होतं?”

“होय.”

“आणि तू बसत होतीस त्या गाडीत? ऋतिकाला घेऊन?” दिशाचा आवाज चढला, मग तिने तो खाली आणला. “हे बघ, बाबांना काही बोलू नकोस. पण मी तिला त्यांच्या गाडीत नाही बसवणार. तुम्ही इकडे या. कॅबने या, कसंही या. ती येणार नाही.”

मुलीच्या जागी सुगंधा असती तर तिनेही हेच केलं असतं. पण चारकोपच्या घरातला शनिवार गेला. टॉवेल दांडीवर तसाच.

एकदा कॅब करून पाहिली. दत्ताराम पुढे बसला आणि वाटभर रिकाम्या जागी पाय दाबून ब्रेक मारत राहिला. पवईच्या वळणावर ड्रायव्हर मुलगा म्हणाला, “अंकल, तुम्हीच चालवा ना यार.” दत्तारामने त्यानंतर नाहूर येईपर्यंत पाय सीटखाली ओढून धरले. ऋतिका तासभर आजोबांच्या मांडीवर बसली, मग तिचा क्लास होता. परत येताना दत्ताराम म्हणाला, “तू जा हां फुडल्या येळेक. माका जमना नाय.” रोज सकाळी तो खाली जाऊन गाडी पुसायचा, कव्हर घालायचा, चावी खिशात टाकून वर यायचा. चालवतो असं म्हणायचा नाही, देतो असंही नाही.

मोटर ट्रेनिंगच्या वर्गाची पाटी सुगंधाने मासळी बाजाराच्या वाटेवर शंभरदा पाहिली होती. त्या सोमवारी ती सुरमईची पिशवी हातात घेऊनच आत शिरली.

टेबलामागे मीरा वानखडे बसली होती. घाटकोपरला वाढलेली, आईवडील मूळचे बुलढाण्याकडचे. केस आखूड, मनगटावर भलं मोठं घड्याळ.

“सुनेसाठी का मुलीसाठी?” तिने विचारलं.

“माझ्यासाठी.”

“वय?”

“छप्पन्न.”

मीराने तिच्याकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं. “बरं. मासे घरी ठेवून या, गाडीत वास राहतो.”

सुगंधाने त्याच दिवशी दत्तारामला सांगितलं. लपवून ठेवायचं तिला जमलं नसतं.

“ह्या वयात?” तो हसला. “तुका खंय जावचा आसा?”

“नाहूराक.”

त्याचं हसू थांबलं. मग दोन दिवस तो ‘मीठ दे’, ‘पाणी दे’ एवढंच बोलला.

मीराच्या गाडीला तिच्या बाजूलाही ब्रेक होता आणि मीरा तो अजिबात वापरायची नाही, कारण सुगंधा स्वतःच सारखी थांबायची. क्लच, गिअर आठवडाभरात आलं. हाताला कामाची सवय होती, पायाला शिवणयंत्राची. पण चौक आला की ती पांढऱ्या रेघेच्या आधी थांबायची आणि मग थांबूनच राहायची. उजवीकडची रिक्षा जायची. डावीकडची बाइक जायची. समोरून वळणारा टेम्पो जायचा. त्याच्यामागचा टेम्पोही जायचा. मागून हॉर्नचा कल्लोळ.

“काकू, आता तुमची पाळी.”

“त्या भाऊंका... त्या भावाला घाई दिसतेय.”

“त्याला घाई आहे म्हणून त्याची पाळी होते का? तुम्ही सरळ जाताय, तो वळतोय. त्याने थांबायचं. चला.”

“जाऊ दे ना, बिचारा.”

“आणि तुमच्या मागच्या दहा जणांनी काय पाप केलंय?” मीराने कपाळावर हात मारला. “घरात पण असंच करता ना? सगळ्यांना वाढून झालं की उरलं तर तुम्ही?”

सुगंधा गिअरच्या दांड्याशी चाळा करत राहिली, म्हणजे उत्तर मिळालं. मीराने गाडी कडेला घ्यायला लावली.

“ऐका काकू. चालणारा माणूस पट्ट्यांवर आला, थांबायचं. छोट्या गल्लीतून मोठ्या रस्त्याला लागताय, थांबायचं. सारखेच रस्ते असले तर उजवीकडून येणाऱ्याला आधी. एवढं झालं की मग तुमचा नंबर. तो घ्यायचा. तुम्ही नाही घेतलात तर समोरच्याला कळत नाही तुम्ही काय करणार, मग तोही अडकतो, मग दोघं एकदम निघतात, आणि धडाम.”

सुगंधाने तिला स्कूटरवाल्या बाईची गोष्ट सांगितली. “तिची साइड होती, तरी ती थांबली. मग ते चूक?”

मीराने मान हलवली. “नाही. तिला माहीत होतं ना साइड तिची आहे. माहीत असून सोडली. तुम्ही सोडत नाही काकू, तुम्हाला ती आपली वाटतच नाही.”

हे ऐकून सुगंधाला राग यायला हवा होता. तिला त्या आखूड केसांच्या मुलीचे हात धरावेसे वाटले. आजवर तिला ‘सुगंधा फार समजूतदार’ म्हणणारे पुष्कळ भेटले होते. हे कोणी सांगितलं नव्हतं.

दत्तारामच्या डोळ्यांत ड्रॉप्स घालायचं काम सुगंधाकडेच होतं. दिवेलागणीला तो पलंगावर आडवा व्हायचा, ती थेंब टाकायची, मग त्याने थोडा वेळ डोळे मिटून पडायचं. एरवी या वेळात तो घोरायला लागायचा. त्या दिवशी मिटल्या डोळ्यांनीच बोलला.

“तेव्हा माका स्कूटर दिसाक नाय.”

सुगंधा बाटलीचं झाकण लावत होती. ती थांबली.

“आवाज पण ऐकाक नाय. तुझोच ऐकलंय. तू उजवा म्हटलंस आणि मी गेलंय.”

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि ती पलंगाच्या कडेवर बसली. एवढे दिवस तिला वाटत होतं, त्याने ऐकलं नाही. त्याने ऐकलं होतं. घरात पस्तीस वर्षं ज्या शब्दाचा अर्थ ‘जा, खुशाल जा’ असा होता, तोच तिने भर चौकात त्याच्या कानात ओरडून सांगितला होता.

“अरे देवा,” ती म्हणाली. “माझोच शब्द तो.”

“तुझा काय चुकला? माका थांबा म्हणू नको, असा मीच म्हटलंय.” तो अजून डोळे मिटूनच होता. “पण एक सांगतंय. तू उजवा म्हटल्यार मी कधीच फुडे बघूक नाय. सवयच नाय माका. पैली नोकरी सोडताना तुका इचारलंय. चारकोपचो फारम भरताना भाऊ नको म्हणत होते, तू उजवा म्हटलंस. दिशाक नाहूरचा स्थळ इला, तेव्हा पण.”

“मी तर सगळ्यांका फुडे जावक देत इलंय जन्मभर.”

“देतस ना! पण तू म्हटल्याशिवाय आमी कोण जातंव?”

सुगंधाने पदराने त्याच्या गालावर ओघळलेला थेंब टिपला. तो औषधाचाच असेल, असं तिने धरलं.

“उजव्या खिशात चावी आसा,” तो म्हणाला. “घे. आणि आजपासून घरात उजवा म्हणजे होय, गाडीत उजवा म्हणजे थांब. इसरू नको.”

“मी इसरूचंय नाय, तुमीच इसरतलात.”

“मी कशाक? मी तर गप बसतलंय.”

गप तो काही बसला नाही. दुसऱ्याच दिवसापासून त्याचे क्लास सुरू झाले, जेवताना, भाजी निवडताना, वनमालाबाई चहाला आल्या तर त्यांच्यासमोरही. “चौकात दुसऱ्याच्या तोंडाकडे बघू नको. माणूस तोंडान फसयता. फुडच्या चाकाकडे बघ. चाक वळला की समज, तो येतलो.” मीराला हे सांगितलं तर ती म्हणाली, “काका भारी आहेत. विचारा, माझ्याकडे शिकवायला येतात का.” दत्तारामने ते तोंडावर हसून उडवलं, पण दुसऱ्या दिवशी दाढी करून तो वर्गावर जाऊन बसला आणि नवीन पोरापोरींना तासभर चाकांबद्दल सांगून आला. पुढे हे नेहमीचंच झालं. घरी येताना चेहरा असा, जणू साहेबाने गाडीची तारीफ केली.

परीक्षेचं सुगंधाने फार मनावर घेतलं होतं. आदल्या दिवशी देवीला गाऱ्हाणं घातलं. आरटीओतले साहेब जांभई देत म्हणाले, “पुढे घ्या. थांबवा. वळवा. झालं.” एवढ्यासाठी आपण इतके दिवस घाम गाळला, म्हणून तिला चुटपुट लागून राहिली. बाहेर येऊन तिने मीराला पेढे दिले तेव्हा मीरा म्हणाली, “थांबलात किती वेळ?” “पाळी येईपर्यंत,” सुगंधा म्हणाली, आणि मीराने तिच्या पाठीत धपाटा घातला.

दिशाला फोन केला तेव्हा ती एकदम काही कबूल झाली नाही. “आधी तुम्ही दोघं या. मी बघते. मग.”

“बघ हो,” सुगंधा म्हणाली. “तुझी मुलगी आहे, तू बघायलाच पाहिजे.”

शनिवारी सकाळी दत्तारामने गाडीचं कव्हर काढलं, काच पुसली आणि सवयीने उजव्या दाराकडे गेला. मग फिरून डावीकडे येऊन बसला. पट्टा लावला. हात मांडीवर ठेवले, एकावर एक, लग्नात बसवतात तसे. सुगंधाला हसू आलं, पण तिने ते गिळलं. या माणसाने आपली जागा तिला दिली होती, भांडण न करता, उपकार न दाखवता. असं किती घरांत होतं, याचा हिशेब तिला चांगला माहीत होता.

सेक्टरमधल्या चौकाशी तिने रेघेच्या आधी गाडी थांबवली. उजवीकडून पाण्याचा टँकर रमतगमत येत होता. मागच्या रिक्षाने हॉर्नवर हात ठेवला तो उचलेना.

दत्तारामने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. “थांब रे मेल्या! बाई थांबली आसा, दिसना नाय तुका?”

“अवो, तुमी गप बसतलात ना?”

“तुका काय बोललंय मी? तेका बोललंय.”

टँकर गेला. डावीकडून एक बाइकवाला नाक खुपसत पुढे सरकला. सुगंधाने त्याच्या तोंडाकडे बघितलं नाही, चाकाकडे बघितलं. चाक सरळच होतं, थांबलेलं. तिची पाळी होती. ती निघाली.

पुढे जोगेश्वरीला मोठ्या सिग्नलवर पोरं पट्ट्यांवरून पळाली, त्यांच्यासाठी थांबली. पवईत एका बसने तिला जाऊ दिलं. बसच्या ड्रायव्हरने वरून नुसता हात हलवला आणि सुगंधाने स्टिअरिंगवरूनच मान लववली. आजवर या रस्त्याने ती कितीदा गेली असेल, पण कोण कुणासाठी थांबतंय हे तिला कधी दिसलंच नव्हतं. मागच्या सीटवर, बाजूच्या सीटवर बसून ते दिसत नाही. आता जागोजागी दिसत होतं. शिव्या देत, हॉर्न वाजवत, वैतागत का होईना, हजारो माणसं एकमेकांसाठी क्षणभर थांबत होती, आणि म्हणून संध्याकाळी आपापल्या घरी पोहोचत होती.

नाहूरला दिशा गेटपाशी उभी होती. हातात काही नव्हतं. म्हणजे ऋतिकाची बॅग नव्हती. आईने गाडी कडेला कशी लावली, ते तिने नीट बघितलं. मग ती खिडकीपाशी आली.

“घाम किती आलाय तुला.”

“उन्हामुळे.”

“बाबा, कशी चालवते?”

सुगंधाने दत्तारामकडे बघितलं. त्याच्या एका शब्दावर आता सगळं होतं, आणि उगाच गोड बोलणारा माणूस तो नव्हता.

“गिअर उशिरा टाकते,” तो म्हणाला. “आरशात सारखी बघते. पण चौकात,” तो थांबला, “पवईपासून प्रत्येक चौकात मी डोळे मिटून बसलो होतो. मुद्दाम. एकदाही उघडावे लागले नाहीत.”

दिशाने दोघांकडे बघितलं. “इथून एक फेरी मार,” ती म्हणाली आणि मागचं दार उघडून बसली. सुगंधाने फेरी मारली, स्टेशनच्या नाक्यापर्यंत जाऊन परत. दिशा गेटपाशी उतरली आणि वर बघून ओरडली, “ऋतिका! बॅग घेऊन खाली ये!”

ऋतिका बॅग फरफटत आली. “आजी चालवणार?” तिने विचारलं, आणि कोणी उत्तर द्यायच्या आत, “मग आजोबा, तुम्ही मागे माझ्याजवळ बसा ना!” दत्ताराम खरंच उतरून मागे जाऊन बसला. दिशाने मुलीचा पट्टा लावला, ओढून बघितला, दार लावलं.

“घावने करशील ना गं तिला?” ती म्हणाली.

“पीठ भिजवूनच आलेय.”

“सावकाश जा.”

इंजिन सुरू झालं. वडील चालवायचे तेव्हा दिशा गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत गेटपाशी हात छातीशी धरून उभी राहायची. सुगंधाने आरशात बघितलं. लॅबला उशीर झालेली तिची मुलगी पाठ फिरवून, मोबाइल कानाला लावून, भराभर जिन्याकडे निघाली होती. तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

सुगंधाचे डोळे भरून आले. तिने ते पुसले, उजवीकडे पाहिलं, रस्ता मोकळा होता.